चाल

मराठीत ‘चाल’ हा एकच शब्द किती कामं करतो ते पाहा. माणूस चालतो त्या ढबीला चाल म्हणतात. गाण्याला लावतात ती चाल. बुद्धिबळातली खेळी ही चाल, शत्रूवर तुटून पडणं म्हणजे चाल करून जाणं, आणि कुणी गोड बोलून आपल्याला गंडवलं तर तीही त्याची चालच. शिवाय चालरीत आहे, चालचलणूक आहे. जिथे काहीच करता येत नाही तिथे ‘चालायचंच’ आहे.

इतके अर्थ एका शब्दात उगीच जमा होत नाहीत. पाऊल, सूर, डाव आणि वागणूक या सगळ्यांत आपल्या पूर्वजांना काहीतरी समान दिसलं असणार. मला वाटतं, ते म्हणजे ठरावीक काळात ठरावीक अंतर कापण्याची रीत. ही रीत म्हणजे वेग नव्हे. वेग घड्याळाने मोजता येतो, पण चाल कुणाची, कुणाबरोबर आणि कशासाठी, हे विचारल्याशिवाय कळत नाही. फौजेत बावीस-तेवीस वर्षं पावलं मोजण्यात गेली, त्यामुळे या शब्दाचा मागोवा घ्यावासा वाटला.

राजाचं पाऊल आणि चाकराचं पाऊल

सुरुवात भरतमुनींपासून करू. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाट्यशास्त्रात एक अख्खा अध्याय फक्त चालण्यावर आहे. त्याचं नाव गतिप्रचार. रंगमंचावर कुणी कसं चालायचं, याची त्यात काटेकोर मापं दिली आहेत. देव आणि राजे यांसारख्या उत्तम पात्रांचं पाऊल चार ताल लांब, मध्यम पात्रांचं दोन ताल, आणि सामान्य पात्रांचं एकच ताल. इथे ताल म्हणजे बारा अंगुळं, आपली एक वीत. जसं अंतर तसाच वेळ: एका पावलाला उत्तमाला चार कला, मध्यमाला दोन आणि खालच्याला एक. लयही तशीच वाटून दिलेली. राजाला संथ, मधल्यांना मध्यम आणि चाकरांना द्रुत.

म्हणजे राजा चार वितींचं पाऊल चार मात्रांत टाकतो आणि चाकर एका वितीचं पाऊल एका मात्रेत. हिशेब केला तर दोघांचा वेग एकच निघतो! दोघं एकाच वेळी निघाले तर रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला एकाच वेळी पोहोचतील. पण पाहणाऱ्याला एक जण डौलाने चालताना दिसेल आणि दुसरा तुरुतुरु पळताना. वेग आणि चाल यांतला फरक याहून नेमका मी कुठे वाचलेला नाही.

यात समाजाचं एक जुनं सत्यही आहे. मोठ्या माणसाला घाई नसते आणि लहान माणसाला सावकाश चालण्याची मुभा नसते. कोणत्याही सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात दहा मिनिटं उभं राहिलं तरी शिपाई कोण आणि साहेब कोण हे पायांवरून ओळखता येतं. खडकवासल्याला पहिल्या टर्मच्या कॅडेटला चालणं जवळपास ठाऊकच नसतं. त्याने सगळीकडे दौडतच जायचं. टर्म वाढत जाते तशी चाल संथ होत जाते. भरतमुनींनी एनडीए पाहिली असती तर त्यांना नवल वाटलं नसतं.

पण हा अध्याय तिथेच थांबत नाही. भय, हर्ष, आजार, एखाद्या कामाची निकड अशा वेळी हे माप बदलतं, हेही त्यात आहे. शोकात चालणं वेगळं, अंधारात चाचपडत चालणं वेगळं. म्हातारा, आंधळा, तपस्वी, होडीत बसलेला, रथात उभा असलेला, उंचावर चढणारा अशा प्रत्येकाची गती त्यात सांगितली आहे. रंगमंचावर खरा रथ नसायचा आणि डोंगरही नसायचा. ते नटाने पायांनी उभे करायचे.

कालिदासाच्या शाकुंतलाचा पहिला अंक या नजरेने वाचावा. दुष्यंत रथातून हरणाचा पाठलाग करत येतो, सगळा वेग असतो. मग तपस्वी आडवे येतात, बाण मागे घेतला जातो. आश्रमापाशी राजा रथातून उतरतो, दागिने आणि धनुष्य सारथ्याच्या हाती देतो आणि साध्या वेशात पायी आत जातो. शकुंतला दिसण्याआधी नाटककाराने राजाची चाल तीनदा बदलली आहे. शिकारी म्हणून आलेला माणूस पाहुणा होऊन आत गेला, हे संवादांइतकंच पावलांनीही सांगितलं आहे.

अक्षरांची पावलं

कवितेच्या ओळीला आपण चरण म्हणतो, पद म्हणतो. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ पाय. वृत्तांची नावं पाहिली तर एखाद्या अरण्यात शिरल्यासारखं वाटतं. भुजंगप्रयात म्हणजे सापाचं जाणं, शार्दूलविक्रीडित म्हणजे वाघाचं खेळणं, द्रुतविलंबित म्हणजे जलद आणि सावकाश, आणि मंदाक्रांता म्हणजे हळूहळू पाऊल टाकणारी.

मंदाक्रांतेत सतरा अक्षरं. सुरुवातीची चार अक्षरं सगळी गुरू, म्हणजे चार जड पावलं. तिथे यती, क्षणभर थांबा. मग पाच लघू भराभर आणि एक गुरू, पुन्हा यती. शेवटची सात अक्षरं मिश्र. पाठीवर ओझं घेऊन चढण चढलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. चार पावलं जड, दम घ्यायचा, मधला सपाट तुकडा झपझप उरकायचा, पुन्हा दम घ्यायचा.

संपूर्ण मेघदूत याच एका वृत्तात आहे. रामगिरीवर, म्हणजे वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकांच्या मते आपल्या नागपूरजवळच्या रामटेकवर, अडकलेला यक्ष ढगाला निरोप देऊन कैलासाजवळच्या अलकानगरीकडे धाडतो. निरोप तातडीचा आहे. तरीही तो ढगाला सांगतो की इथे टेक, तिथे पाणी पी, वाट वाकडी करून उज्जयिनी पाहून जा. मला एके काळी हे कवीचे लाड वाटायचे. आता वाटतं की लांबच्या कूचाचा हा व्यवस्थित आराखडा आहे. ज्याला लांब जायचं आहे त्याने कुठे थांबायचं हे निघण्याआधी ठरवलेलं असतं.

समर्थांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत. एक लघू, दोन गुरू, आणि हेच एका ओळीत चार वेळा. दोनशे पाच श्लोक याच ठेक्यात. दारोदार भिक्षा मागताना म्हणायला ते रचले अशी परंपरा आहे, आणि ते म्हणत चालून पाहिलं की पटतं. पाय आपोआप ठेक्यात पडतात आणि दहा-बारा श्लोकांत फर्लांग सरतो. घराघरांत जात्यावर रचलेल्या ओव्यांचंही तसंच. तिथे पाय नव्हे, खुंट्याभोवती फिरणारा हात चाल ठरवायचा.

पुढे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतलाच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला आणि मराठी संगीत नाटकाचं युग सुरू झालं. जुन्या नाटकांची छापील पुस्तकं उघडली की पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असा शब्द आणि पुढे एखाद्या ठाऊक गाण्याचा उल्लेख दिसतो. नव्या शब्दांना जुनी पावलं, असा हा व्यवहार. त्या नाटकांत साकी आणि दिंडी ही वृत्तं सढळ हाताने वापरली गेली. यातलं ‘दिंडी’ हे नाव तर थेट पंढरीच्या वाटेवरचं. त्या वाटेकडे पुढे येतोच.

सगळ्यांची एकच चाल

नाटकात चाल माणसं वेगवेगळी दाखवते. फौजेत बरोबर उलट: शंभर माणसांच्या शंभर चाली काढून घेऊन त्या जागी एक दिली जाते.

हे फार जुनं आहे आणि मधल्या काळात हरवलेलंही होतं. रोमन लेखक व्हेजिटियस नव्या शिपायाला पहिला धडा चालण्याचा द्यायला सांगतो. उन्हाळ्यातल्या पाच तासांत २० रोमन मैल साध्या चालीने आणि २४ मैल जलद चालीने. मैल हा शब्दच मुळी तिथून आला. लॅटिनमध्ये मिल्ले म्हणजे हजार. शिपायाच्या हजार दुहेरी पावलांचा एक मैल. साम्राज्य मोजायचं माप म्हणजे शिपायाचा पाय.

रोमन गेल्यावर युरोपातल्या फौजा शतकानुशतकं विस्कळीतच चालत राहिल्या. अठराव्या शतकात फ्रान्सचा सेनापती मॉरिस द साक्स याने लिहिलं की रोमनांच्या विजयाचं गुपित ठेक्यात चालण्यात होतं, आणि वाद्यांचं खरं काम तेच. त्याचं पुस्तक १७५७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. त्याच सुमाराला प्रशियाची पायदळं मिनिटाला ७५ च्या आसपास पावलं टाकत संथपणे रणांगणावर सरकत होती. १७९२ च्या ब्रिटिश नियमांत साधी चाल ७५ पावलांची, जलद १०८ ची आणि पाऊल ३० इंचांचं होतं. कारण सरळ होतं. बंदुकांच्या रांगा खांद्याला खांदा लावून पुढे जायच्या. एकाचं पाऊल लांब आणि दुसऱ्याचं आखूड पडलं की रांगेला भोक पडायचं आणि त्या भोकातून घोडदळ आत घुसायचं. सारखं पाऊल ही शोभा नव्हती, ती तटबंदी होती.

१८०३ पासून शॉर्नक्लिफच्या छावणीत सर जॉन मूर यांनी हलक्या पायदळाला वेगळं शिक्षण दिलं. त्या परंपरेतल्या ब्रिटिश पलटणी आजही मिनिटाला १४० पावलांनी चालतात. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या नावातलं ‘लाइट’ त्याच घराण्यातलं.

आज आपली तेज चाल मिनिटाला १२० पावलांची, पाऊल ३० इंची. गुणाकार केला तर मिनिटाला बरोबर १०० यार्ड होतात. तासाला दहा मिनिटांचा हॉल्ट धरला तर साडेचार किलोमीटरांहून थोडं जास्त. दोनशे वर्षांत बंदुका बदलल्या, रांगा गेल्या, खांद्याला खांदा लावून कुणी लढत नाही. कवायत मात्र राहिली. का राहिली? अमेरिकन इतिहासकार विल्यम मॅकनील यांनी १९९५ मध्ये या प्रश्नावर एक पुस्तकच लिहिलं. १९४१ मध्ये त्यांना सैन्यात भरती व्हावं लागलं होतं आणि टेक्ससच्या मैदानावर निरर्थक वाटणारी कवायत करताना आपल्याला आतून बरं का वाटत होतं, याचं उत्तर ते शोधत होते. एका ठेक्यात हललेली माणसं एकमेकांची होतात, हे त्यांच्या विवेचनाचं सार. ज्यांनी पहाटेच्या परेडला शेकडो टाचा एकदम पडताना ऐकल्या आहेत त्यांना ते पुस्तकातून शिकावं लागणार नाही.

या ठेक्यात केवढी ताकद असते, ते पुलांनी दाखवून दिलं. १८३१ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॉटनचा झुलता पूल शिपाई ठेक्यात चालत असताना कोसळला. १८५० मध्ये फ्रान्समधल्या आँजेचा पूल एक पलटण वादळात ओलांडत असताना पडला आणि दोनशेहून अधिक माणसं दगावली. तेव्हापासून पुलावर पाऊल तोडून चालतात.

पालखेड आणि पानिपत

मराठ्यांची चाल याहून निराळी होती. ‘मजल दरमजल’, ‘दरकूच’ हे शब्द आपल्या बखरींतून आणि पत्रांतून सतत येतात. १७२८ च्या मोहिमेत निजाम जड तोफखान्यासह पुण्याच्या रोखाने असताना थोरले बाजीराव त्याच्या मुलखात खानदेश-गुजरातपर्यंत घोडी दौडवत होते. निजामाला मागे फिरावं लागलं. त्यांना गाठण्याच्या घाईत तो आपल्या तोफांपासून तुटला आणि पालखेडजवळ पाण्याविना कोंडला गेला. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. बाजीरावांनी जिंकलं ते मुख्यतः चालीने: समोरच्याला त्याची स्वतःची चाल सोडायला लावली. फील्ड मार्शल माँटगोमरी यांनीही आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेची वाखाणणी केली आहे.

बत्तीस वर्षांनी, मार्च १७६० मध्ये, सदाशिवरावभाऊंची फौज परतूरहून निघाली आणि दिल्ली हाती यायला ऑगस्ट उजाडला. बरोबर अवजड तोफा, इब्राहिमखान गारद्याचं कवायती पायदळ, बाजारबुणगे, बायकामुलं आणि तीर्थयात्रेला निघालेले लोक. सैन्याची चाल ही त्यातल्या सर्वांत जड गोष्टीची चाल असते. १४ जानेवारी १७६१ ला प्रत्यक्ष रणात तर दोन वेगवेगळ्या चाली एकाच व्यूहात बांधलेल्या होत्या. गारद्यांचं पायदळ सावकाश, रांग न मोडता पुढे सरकणारं, आणि शेजारी पिढ्यान्‌पिढ्या उधळत जाण्याची सवय असलेलं घोडदळ. विंचूरकर आणि गायकवाडांची पथकं गोल सोडून पुढे धावली आणि आपल्याच तोफांच्या तोंडासमोर आली, असं इतिहासकार लिहितात.

पानिपतात काय चुकलं यावर आपल्याकडे दर जानेवारीत वाद होतो, त्यात भर घालण्याची माझी इच्छा नाही. एवढंच म्हणेन की गारद्यांची चाल वाईट नव्हती आणि घोडदळाचीही नव्हती. दोन्ही चालींनी एकमेकींची सवय करून घ्यायला जो वेळ लागतो तो मिळाला नव्हता. ती सवय नकाशावर होत नाही, मैदानावर रोज चालून होते.

माळेतली पावलं

सध्याचं पोस्टिंग कुमाऊँत आहे. इथून जवळच जोहार खोऱ्यात मिलम नावाचं गाव आहे. १९६२ नंतर तिबेटचा व्यापार बंद झाला आणि गाव जवळपास ओस पडलं. दगडी घरांच्या भिंती उरल्या. याच गावात १८३० मध्ये नैनसिंह रावत जन्मला. चालीच्या इतिहासात मला या माणसाच्या तोडीचा दुसरा कुणी दिसत नाही.

त्या काळी तिबेटात परक्यांना बंदी होती आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर हिमालयापलीकडचा भाग कोरा होता. कॅप्टन माँटगोमरी (हा वेगळा, भूमापन खात्यातला) याने ठरवलं की सीमेवरच्या स्थानिक माणसांनाच शिकवून पाठवायचं. १८६३ मध्ये शाळामास्तर असलेला नैनसिंह आणि त्याचा चुलतभाऊ मणिसिंह यांना देहरादूनला आणलं. तारे पाहणं, होकायंत्र वाचणं हे तर शिकवलंच, पण मुख्य शिक्षण चालण्याचं. चढ असो, उतार असो की सपाटी, पाऊल एकाच लांबीचं पडलं पाहिजे. मैलाला २००० पावलं.

ही पावलं मोजायची कशी? तर जपमाळेवर. बौद्ध माळेत १०८ मणी असतात; याच्या माळेत १०० ठेवले. शंभर पावलं झाली की एक मणी ओढायचा. एक माळ पुरी झाली की दहा हजार पावलं, म्हणजे पाच मैल. प्रार्थनाचक्रात मंत्रांच्या जागी कागदाच्या पट्ट्या, त्यांवर नोंदी. पेटीच्या खोट्या तळाखाली सेक्स्टंट, कवड्यांत पारा, काठीत थर्मामीटर. कुणी बोलायला जवळ आलं की हा प्रार्थनेत गढून जायचा. जप करणाऱ्याला कुणी हटकत नाही.

१८६५ मध्ये तो नेपाळमार्गे तिबेटात शिरला आणि जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचला. ल्हासाचं स्थान ताऱ्यांवरून आणि उंची उकळत्या पाण्यावरून काढली. परतताना त्सांगपो, म्हणजे आपल्या ब्रह्मपुत्रेच्या काठाने पश्चिमेला मानसरोवरापर्यंत आला आणि मग हिंदुस्थानात उतरला. सुमारे १२०० मैल, म्हणजे अंदाजे २४ लाख मोजलेली पावलं. पावलामागे फक्त अर्ध्या इंचाची चूक झाली असती तर शेवटी नकाशा एकोणीस मैलांनी चुकला असता. थंडीत, बर्फात, पकडलं जाण्याच्या भीतीत त्याने आपलं पाऊल बदलू दिलं नाही.

इथे मला पुन्हा भरतमुनी आठवतात. नैनसिंह कधी व्यापारी, कधी यात्रेकरू म्हणून वावरत होता. म्हणजे तो महिनोन्‌महिने रंगमंचावरच होता. वरून यात्रेकरूची सैल चाल दाखवायची आणि तिच्या आत कवायती पाऊल जपायचं. चाल वेगळी, माप तेच. राजा आणि चाकर यांच्या पावलांचा जो हिशेब नाट्यशास्त्रात आहे, तो हा माणूस जीव धोक्यात घालून जगला. आणि यक्षाने ढगाला कैलासाकडची जी वाट सांगितली, तिच्या शेवटच्या टप्प्याजवळून हा कोणताही ढग न होता, पायांनी गेला.

त्याचा चुलतभाऊ किशनसिंह हा दुसरा मोठा पंडित. १८७८ ते १८८२ च्या सफरीत एका टप्प्यावर लुटारूंच्या भयाने काफिल्याने त्याला घोड्यावर बसायला लावलं. किशनसिंहाने मग घोड्याची पावलं मोजली.

१८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने नैनसिंहाला सुवर्णपदक दिलं. आपल्या टपाल खात्याने २००४ मध्ये त्याच्या नावाचं तिकीट काढलं. ज्या काळात त्याच्या देशातल्या माणसांना बहुतेक कागदांत नावही मिळत नव्हतं, खात्याच्या अहवालांत त्यांचा उल्लेख ‘पंडित’ किंवा एखाद-दोन अक्षरांनी व्हायचा, तेव्हा त्याचं पाऊल मात्र नकाशावर उमटलेलं होतं.

मैदानातून इथे येणारी पोरं पहिल्या आठवड्यात चढणीवर धावत सुटतात आणि दर वळणाला फतकल मारून बसतात. इथला म्हातारा मेंढपाळ पाठीवर ओझं घेऊन सावकाश निघतो, कुठेही थांबत नाही आणि सगळ्यांच्या आधी माथ्यावर असतो. श्वास आणि पाऊल यांचा सौदा त्याने आयुष्यभरासाठी केलेला असतो. पोरांना आम्ही हाच सौदा शिकवतो, आणि त्याला काही आठवडे लागतात.

वारीची शिस्त

आता दिंडीकडे. ज्ञानोबांच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं ते एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडचे सरदार. एका लष्करी माणसाने बांधलेली ही वाटचाल आहे, हे सोहळ्यात जागोजाग दिसतं. दिंड्यांना क्रमांक आहेत, चोपदार आहेत, निघण्याची खूण कर्णा देतो, मुक्काम ठरलेले आहेत, संध्याकाळी समाज आरतीला दिवसाचा हिशेब आणि तक्रारींचा निवाडा होतो. अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे आजही मानाने येतात. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, आणि एवढ्यासाठी जवळपास तीन आठवडे.

हिशेबाने पाहिलं तर एखादी पलटण हे अंतर आठ दिवसांत कापेल. पण वारीची चाल पलटणीसाठी ठरवलेलीच नाही. ती ठरवते डोक्यावर तुळस घेतलेली सत्तरीची माउली. टाळ-मृदंगावर अभंग चालतो आणि अभंगावर पाय. पावली खेळताना तर पाऊल पुढे पडतं तसं मागेही पडतं. लाखो माणसं चालतात, पाठीमागे कवायत शिकवणारा कुणी उस्ताद नसतो, आणि तरी पाऊल जुळतं. घोडा रिंगणात धावतो तेवढाच काय तो वेग.

पानिपतच्या वाटेवरही यात्रेकरू होते आणि या वाटेवरही आहेत. फरक इतकाच की हैबतबाबांनी सर्वांत सावकाश चालणाऱ्याला ओझं मानलं नाही. त्याच्या पावलावर सगळा आराखडा बेतला.

धीरे चल

कवायतीतली सर्वांत अवघड चाल तेज नाही, दौडही नाही. ती आहे धीरे चल. मिनिटाला सत्तर पावलं. पाय हवेत किंचित रेंगाळतो, सगळा तोल दुसऱ्या पायावर, आणि शरीर डुलता कामा नये. रिक्रुटाला तेज चाल काही आठवड्यांत येते. धीरे चल यायला महिने जातात.

ही चाल सैनिकाच्या आयुष्यात मोजक्या वेळा येते. अकादमीतून बाहेर पडताना ‘अंतिम पग’ ओलांडतात तो धीरे चल. आणि साथीदाराला खांद्यावरून नेतात तोही धीरे चल. खांदा देणारे उंचीप्रमाणे निवडतात आणि पाऊल सारखं पडतं का ते पुन्हा पुन्हा पाहतात, कारण एकाचं पाऊल चुकलं तर पेटी डचमळते, आणि समोर त्याची आई उभी असते. त्या वेळी ठेका कुणी ओरडून देत नाही. आयुष्यभर एकत्र चाललेली माणसं तो न सांगता धरतात. मैदानावरच्या त्या सगळ्या कंटाळवाण्या सकाळी इथे कामी येतात.

भरतमुनींनी संथ पाऊल राजाला दिलं आणि शिपाई-चाकरांना तुरुतुरु चालवलं. जिवंतपणी फौजही आपल्या शिपायाला धावायलाच लावते. पहिल्या दिवसापासून त्याच्या कानी ‘दौड़ के चल’ हेच पडतं. पण ज्या दिवशी तो तिरंग्यात परत येतो त्या दिवशी, तो सुभेदार असो की साधा जवान, त्याला राजाची चाल मिळते. जनरलही त्या दिवशी त्याच्या मागे त्याच्याच चालीने चालतो.